पाय नाहीत, तरी पेशी चालते

कोल्हापूरच्या माणसाला विज्ञान सांगायचं तर मिरचीपासून सुरुवात केलेली बरी. हंगेरीत सेगेड नावाचं एक शहर आहे. आपल्याकडे गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात, तसं ते शहर तिथल्या पाप्रिका मिरचीसाठी ओळखलं जातं. तिथल्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्ग्यी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री बायकोनं त्यांच्या ताटात पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती, पण नको म्हणायचीही पंचाईत. तेवढ्यात आठवलं की प्रयोगशाळेत ही अजून तपासलेली नाही, आणि ते ती उचलून थेट प्रयोगशाळेत घेऊन गेले. ही गोष्ट पुढे ते स्वतःच सांगायचे. त्या मिरचीत क जीवनसत्त्वाचा साठाच निघाला. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. नोबेलनंतर हे गृहस्थ स्नायूंच्या मागे लागले. १९४२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या ब्रूनो श्ट्राउब या तरुणानं स्नायूतून एक नवं प्रथिन वेगळं काढलं. मायोसिन नावाच्या, आधीच माहीत असलेल्या प्रथिनाला ते चेतवायचं, म्हणून त्याचं नाव पडलं अ‍ॅक्टिन. दुसरं महायुद्ध पेटलेलं, शोधनिबंध छापले ते विद्यापीठाच्याच पुस्तिकेत, त्यामुळे बाहेरच्या जगाला याचा पत्ता लागला तो युद्ध संपल्यावर.

तालमीत रोज हजार बैठका मारणाऱ्या पैलवानाच्या मांडीत अ‍ॅक्टिन ठासून भरलेलं असणार, यात नवल नाही. नवल पुढे आहे. १९६६ साली जपानमध्ये हातानो आणि ओसावा या दोघांनी तेच प्रथिन ओल्या लाकडावर सरपटणाऱ्या एका चिकट, पिवळ्या जिवातून काढून दाखवलं. त्याला स्नायू नाहीत. हाडं नाहीत, पाय नाहीत. मग हळूहळू कळत गेलं की केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अ‍ॅक्टिन असतं, आणि तेही भरपूर. गुडघा फुटल्यावर जखमेकडे धावणारी पांढरी पेशी, ती जखम भरून काढणारी कातडीची पेशी, आणि दुर्दैवानं, गाठीतून निसटून दुसरीकडे जाऊन बसणारी कॅन्सरची पेशीसुद्धा याच प्रथिनाच्या जोरावर चालतात.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. अभ्यासक्रमात नसलेलं एक प्रॅक्टिकल मी जमेल त्या वर्षी घेतोच. जिवंत चिलापीच्या अंगावरचा एक खवला चिमट्यानं अलगद काढायचा, मासा परत टाकीत सोडायचा. खवला काचेवर पोषक द्रावणात ठेवून वर काचपट्टी दाबायची आणि रात्रभर त्याच्याकडे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली खवल्याच्या कडेनं पेशी बाहेर पडलेल्या दिसतात. मागे फुगीर पोट, पुढे पंख्यासारखा पसरलेला पातळ पदर. आकार अर्धचंद्राचा. मिनिटाला दहा ते वीस मायक्रोमीटर चालतात; म्हणजे दोन-तीन मिनिटांत स्वतःच्या लांबीएवढं अंतर. गेल्या खेपेला एक मुलगा डोळा लावून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "सर, ह्ये थांबंना झालंय की!"

थांबत नाही ते त्या पदरामुळे. पेशीचा बाकी भाग त्याच्यामागून ओढला जातो, आणि पदराच्या आत अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांचं दाट जाळं असतं.

अ‍ॅक्टिनचा सुटा रेणू म्हणजे मणी समजा. असे मणी एकाला एक जोडत गेले की पीळ असलेला दोरा तयार होतो, जाडी जेमतेम सात नॅनोमीटर. या दोऱ्याची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला मणी भराभर जोडले जातात, दुसऱ्या टोकाला रेंगाळत. प्रत्येक मणी येताना एटीपीची, म्हणजे पेशीतल्या इंधनाची, एक पुडी घेऊन येतो. दोऱ्यात बसल्यावर ती पुडी खर्ची पडते, आणि पुडी खर्ची पडलेला मणी दोऱ्यात तितकासा घट्ट राहत नाही. म्हणून दोरा पुढच्या टोकाला वाढतो आणि मागच्या टोकाला झडतो. लांबी तेवढीच, पण दोरा जागेवरून पुढे सरकलेला.

इथे मला आमच्या पेठेतला मांडववाला आठवतो. समजा त्याच्याकडे वासे शंभरच आहेत आणि मांडव गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आहे. तो काय करील? मागचे वासे सोडवून पुढे रोवत जाईल. मांडव कायम शंभर वाशांचाच, पण तासाभरानं बघावं तर चार घरं पुढे. पेशीचा पदर अगदी असाच सरकतो.

फक्त एक अडचण आहे. शुद्ध अ‍ॅक्टिन परीक्षानळीत नुसतं सोडलं तर ही सरकण्याची गती पडते मिनिटाला ०.०४ मायक्रोमीटर. माझ्या चिलापीची पेशी त्याच्या शेकडो पट वेगानं जाते. हिशेब करून बघा: एक मणी जोडला की दोरा साधारण २.७ नॅनोमीटरनं वाढतो. मिनिटाला पंधरा मायक्रोमीटर जायचं तर एकेका दोऱ्याला सेकंदाला नव्वदच्या वर मणी जोडावे लागतात. वासे तेच, मग एवढी घाई येते कुठून? ती येते गड्यांकडून. अ‍ॅक्टिनच्या भोवती वावरणारी शंभराहून अधिक प्रथिनं आज माहीत आहेत. सगळ्यांची नावं घेत बसलो तर लग्नाची आमंत्रणयादी होईल. चार-पाच मुख्य गडी ओळखले की काम भागतं.

पहिला प्रोफिलिन. हा सुट्या मण्यांना धरतो, त्यांची रिकामी पुडी काढून भरलेली देतो आणि वाढत्या टोकापाशी नेऊन सोडतो. पडेल ते काम करणारा.

दुसरा गडी म्हणजे खरं तर सात जणांची टोळी, तिचं नाव आर्प दोन-तीन. दोरा सुरू करणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असते. पहिले दोन-तीन मणी एकत्र आले तरी लगेच विखुरतात. ही टोळी आधीच्या दोऱ्याच्या कुशीला जाऊन बसते आणि तिथून नवी फांदी फोडते, जवळपास सत्तर अंशांच्या कोनात. फांदीवर फांदी. पदराचं जाळं झुडपासारखं दिसतं ते या टोळीमुळे. उलट फॉर्मिन नावाचा गडी फांद्या फोडत नाही. तो दोऱ्याच्या टोकावरच बसून राहतो आणि एक लांबच लांब सरळ दोरा विणत जातो. पेशीला चाचपडायला बारीक बोटं फुटतात, त्यांतले सरळ दोरे विणण्यात याचा हात असतो.

मग टोपी घालणारा. दोरा थोडा वाढला की हे प्रथिन त्याच्या टोकावर बसून वाढ बंद करतं. वरवर बघता हा कामात मोडता घालणारा. पण सुटे मणी मोजकेच असतात. जुन्या, लांब होऊन वाकलेल्या दोऱ्यांची तोंडं बंद केली तरच ते नव्या आखूड फांद्यांना मिळतात, आणि जोर लावायला आखूड दोरेच कामाचे. लांब काठीनं ढकलायला गेलात तर काठी लवते.

शेवटचा, आणि माझ्या लेखी खरा कर्ता, कोफिलिन. हा मोडणारा. पुडी खर्ची पडलेला जुना दोरा ओळखून त्याला चिकटतो, पीळ आणखी आवळतो आणि दोरा तुकड्यांत मोडतो. मणी मोकळे होतात, प्रोफिलिन त्यांना पुढे नेतो. पाठ्यपुस्तकांत याला आर्प टोळीच्या खालोखाल दोन ओळी मिळतात, हा अन्याय आहे. शुद्ध अ‍ॅक्टिन गोगलगायीलाही लाजवेल इतकं हळू चालतं ते जोडणीमुळे नाही. मागचं टोक वेळेवर सुटत नाही म्हणून. मागचे वासे निघालेच नाहीत तर पुढे रोवायला आणणार कुठून?

याचा पुरावा विषांतून मिळाला. सायटोकॅलासिन हे बुरशीतलं विष दोऱ्याच्या वाढत्या टोकाला बसतं. दोरा वाढत नाही, पेशी थांबते. यात आश्चर्य काही नाही. पण अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीतून निघणारं फॅलॉइडिन बरोबर उलटं वागतं. ते दोऱ्यांना इतकं घट्ट करतं की ते मोडतच नाहीत. १९७७ साली ते जिवंत पेशींमध्ये सुईनं सोडून पाहिलं गेलं, आणि त्यांचंही चालणं अडलं. मांडव मजबूत, जागचा हलायला तयार नाही.

आता मांडवाच्या उपमेतलं खोटंही सांगून टाकतो. पेशीत मुकादम नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही. सगळे रेणू पाण्याच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा हिंदकळत असतात. पेशीचं बाहेरचं पटलही सतत थरथरतं. ते क्षणभर पुढे सरकलं की दोऱ्याच्या टोकाशी मण्याएवढी फट पडते, तेवढ्यात एक मणी तिथे घुसतो, आणि पटलाला मागे यायला जागा उरत नाही. अंगठा सोडला तरी मागे न फिरणाऱ्या दातेरी चाकासारखं. १९९३ मध्ये पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी हे गणितानं मांडलं. अ‍ॅक्टिन ढकलतं असं आपण म्हणतो. खरं तर ते पटलाला माघार घेऊ देत नाही.

एवढे चार गडी खरंच पुरेसे आहेत का, हे फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स कार्लिये यांच्या गटानं १९९९ साली तपासलं. लिस्टेरिया नावाचा एक जंतू आपल्या पेशीत शिरून तिचंच अ‍ॅक्टिन स्वतःच्या पाठीमागे पेटवतो आणि धूमकेतूसारखी शेपटी काढत फिरतो. या गटानं पेशी बाजूलाच ठेवली. थेंबभर द्रावणात जंतू, अ‍ॅक्टिन, आर्प टोळी, टोपीवालं प्रथिन, कोफिलिन आणि इंधन एवढंच घातलं. जंतू चालू लागला. प्रोफिलिन घातल्यावर अधिक नीट चालला, पण त्याच्यावाचून अडलं नाही. कोफिलिनवाचून मात्र अडलं. मायोसिनची, म्हणजे स्नायूतल्या ओढणाऱ्या प्रथिनाची, गरजच पडली नाही. (हा जंतू न तापवलेल्या दुधातूनही येऊ शकतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल जास्त बोलत नाही, मला याच गावात राहायचंय. पण गरोदर बाईनं कच्चं दूध पिऊ नये, एवढं ऐका.)

मुकादम नाही म्हटलं तरी इशारे असतात. ऱ्हो, रॅक आणि सीडीसी-४२ ही तीन छोटी प्रथिनं विजेच्या बटणासारखी चालू-बंद होतात. १९९२ साली लंडनमध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी स्वस्थ बसलेल्या पेशींमध्ये ती एकेक करून सोडली. रॅक सोडलं की कडेनं पदर फुटायचा. ऱ्हो सोडलं की पेशीत आडवेउभे जाड दोरखंड ताणले जायचे. सीडीसी-४२ सोडलं की बारीक बोटं फुटतात, हे थोड्या वर्षांनी दिसलं. ही बटणं थेट अ‍ॅक्टिनला हात लावत नाहीत, मधल्या दुव्यांना जागं करतात. त्यातला एक दुवा, वास्प, आर्प टोळीला झोपेतून उठवतो. त्याचं नाव विस्कॉट-अल्ड्रिच या आजारावरून पडलं, कारण आजाराचा जीन १९९४ मध्ये आधी सापडला आणि प्रथिन काय करतं ते मागाहून कळलं. हा आजार जवळपास फक्त मुलग्यांत दिसतो: रक्तातल्या प्लेटलेट कमी आणि आकारानं लहान, अंगावर इसब, आणि सारखे जंतुसंसर्ग.

इथपर्यंत पदर पुढे गेला. पण नुसता पदर पुढे जाऊन चालत नाही, खाली पकड लागते. बाइकचा क्लच दाबून ठेवला तर इंजिन घरघरतं, चाक फिरत नाही. पेशीचंही तसंच होतं: खालच्या जमिनीशी जोड नसेल तर अ‍ॅक्टिनचं जाळं आतल्या आत मागे घसरत राहतं. हा जोड म्हणजे पटलातून आरपार गेलेलं इंटिग्रिन. त्याचं एक टोक बाहेरच्या धाग्यांना धरतं, दुसरं आत. आत अ‍ॅक्टिन आणि इंटिग्रिन यांच्यामध्ये टॅलिन नावाचं लांब प्रथिन असतं.

टॅलिन मला या सगळ्या मंडळींत सर्वांत हुशार वाटतं. त्याच्या दांड्यात तेरा घड्या असतात आणि काही घड्यांच्या आत आकडे लपलेले. अ‍ॅक्टिननं ओढलं की त्या घड्या उलगडतात, आकडे उघडे पडतात आणि व्हिन्क्युलिन नावाचं प्रथिन त्यांत अडकून आणखी दोरे आणून बांधतं. म्हणजे जितकी ओढ, तितका जोड पक्का. दाव्याची गाठ जनावरानं हिसका दिला की आवळते तशी. ओढ नसेल तर जोड विरघळून जातो. अशा तऱ्हेनं पेशी खालची जमीन कठीण आहे की मऊ, हे हिसका देऊन चाचपून बघते. मऊ जमीन ओढीसरशी सरकते, ताण धरत नाही, म्हणून पकड पक्की होत नाही.

मग पकड जितकी घट्ट तितकी चाल चांगली? नाही. गगनबावड्याकडे भाताची रोप लावायला चिखलात उतरलेल्या कुणालाही विचारा. शेवाळलेल्या बांधावर पाय ठरत नाही, आणि गुडघाभर चिखलात पाय रुततो तो निघत नाही. दोन्हीकडे चालणं होत नाही. पेशींवर हाच प्रयोग १९९७ साली झाला: काचेवर चिकटण्याचे धागे कमी-जास्त केले, तेव्हा पेशी सर्वांत वेगानं गेल्या त्या मधल्या चिकटपणावर. म्हणून मागचे जोड सोडवायलाही गडी आहेत. मागच्या बाजूला मायोसिन दोरे ओढतं, कॅलपेन नावाचं एन्झाइम टॅलिन कापतं, आणि पेशीचं शेपूट सुटतं. पुन्हा तेच, मोडणारा हवा.

शेजारणींना धरून ठेवायला पेशींकडे वेगळे हात असतात, कॅडहेरिन नावाचे. त्यांनाही आतून अ‍ॅक्टिनचाच आधार. खरचटलेल्या गुडघ्यावर कातडीच्या पेशी हातात हात घालून सगळी फळीच पुढे सरकते, एकेकटी नाही. हे हात सुटले की काय होतं ते स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये दिसतं. तिथे ई-कॅडहेरिन बहुधा हरवलेलं असतं, आणि तपासणीच्या काचेवर पेशी मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेनं निघालेल्या दिसतात. याच जीनमधला बिघाड पिढ्यान् पिढ्या चालत आला तर जठराचा एक कॅन्सर घराण्यात फिरतो. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत हे पहिल्यांदा सिद्ध झालं.

मग अ‍ॅक्टिनच बंद करून कॅन्सर थांबवता येईल का, असं मुलं दरवर्षी विचारतात. पेशीतल्या दुसऱ्या जातीच्या दोऱ्यांवर, मायक्रोट्यूब्यूलवर, औषधं आहेत. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघणारं व्हिन्क्रिस्टिन त्यातलंच. अ‍ॅक्टिनवर थेट घाव घालणारं असं औषध मात्र कॅन्सरच्या वॉर्डात पोहोचलेलं नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच प्रथिनावर पडतो. गाठीतली पेशी थांबवायला जाल आणि हृदय थांबेल. म्हणून संशोधकांचा डोळा वाशांवर नाही, गड्यांवर आहे.

आता एका आजाराबद्दल, कारण तो आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. रक्तातली पांढरी पेशी पुरातल्या पंचगंगेत वाहणाऱ्या माणसासारखी असते. जखमेपाशी उतरायचं तर काठावरची फांदी धरावी लागते. तिचे फांदी धरणारे हात म्हणजे एका विशिष्ट घराण्यातली इंटिग्रिन. त्यांचा सीडी-१८ हा सामाईक भाग जन्मतःच नसला किंवा फार कमी असला तर पांढऱ्या पेशी रक्तात ढिगानं फिरत राहतात, पण काठाला लागत नाहीत. जखम होते, चिघळते, तरी पू धरत नाही. आणि पहिली खूण कधी कधी अगदी घरात दिसते: बाळाची नाळ लवकर पडत नाही. सुकलेली नाळ पडायलाही पांढऱ्या पेशींचं काम लागतं.

हा आजार दुर्मीळ आहे. तो व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जीन यावा लागतो, त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते, आणि अशी लग्नं आपल्याकडे अजून होतात. नाळ बहुतेक बाळांची आठ-पंधरा दिवसांत पडते. तीन आठवडे उलटूनही पडली नाही तर बहुधा कारण साधंच निघतं, पण राख-हळद लावत घरी बसू नका. बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या, आणि नवरा-बायको नात्यातले असाल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ते आधीच सांगा. आकडा फारच वर असेल तर सीडी-१८ ची वेगळी तपासणी करता येते, आणि निदान वेळेवर झालं तर अस्थिमज्जा बदलून हे मूल वाचवता येतं.